समाजाची हेल्मेटं

माझी सरकारी जीप सुरू व्हायला धक्का लागतो, पण मी तपासणीला निघाले ही बातमी धक्क्याशिवाय निघते. मी इकडे फुलचूरला घरात वेणी घालत असते, आणि तिकडे राईस मिलवाले रांगोळीचा डबा शोधत असतात. बातमी फोडतं कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. आधी मी फार चिडायची. अरे, अचानक तपासणी म्हणजे अचानक ना? तर ऑफिसातले म्हणायचे, "मॅडम, पाहुणा सांगून आलेला बरा." मी काय जावई आहे?

कामगारांच्या जिवाला कुठे धोका आहे ते बघणं हे माझं काम. फिरत्या मशीनला जाळी आहे का, शिडीला कठडा आहे का, उंचावर चढणाऱ्याच्या अंगात दोरीचा पट्टा आहे का. लोक मला जाळी सोडून बाकी सगळं दाखवतात. स्वागताचा बोर्ड, दारातलं तोरण, शेठच्या आजोबांचा फोटो. मग शाल आणि नारळ पुढे येतो. मी घेत नाही म्हटलं की सगळ्यांची तोंडं पडतात, जशी काही मी त्यांच्या पोरीला नाकारून चालले आहे.

एका मिलमध्ये मात्र मागच्या खेपेला एक बाई ही सगळी शोभा ओलांडून सरळ माझ्यापाशी आली. रेजा होती, म्हणजे मजुरीवाली. हातात खराटा. दरेकसाकडच्या डोंगरातून नवराबायको दोघं मिलच्या कामाला आलेली, मिलमागच्या वस्तीत भाड्याची खोली करून राहिलेली. ती म्हणाली, "मॅडमबाई, माह्या मानसाले पट्टा द्याले सांगा जी. तो कोठीत उतरते तवा मी खाली झाडत राहतो, पन माहा जीव वरतंच राहते."

कोठी म्हणजे धानाची. दुमजली घराएवढा पत्र्याचा उभा डबा. वरून धान ओतायचं, खालच्या तोंडातून ते मशीनकडे जातं. धान ओलसर असलं की आत गच्च बसतं. वर कडक थर आणि खाली पोकळ. मग एक माणूस वरून आत उतरतो आणि लोखंडी सळईने तो थर फोडतो. थर फुटला की धान खाली धावतं, आणि त्याच्यासोबत उभा असलेला माणूसही. अंगात पट्टा आणि पट्ट्याला दोर असला तर तो लोंबकळून वाचतो. नसला तर धान त्याला गिळतं, आणि धान काही ओरडत नाही.

त्या मिलमध्ये आत उतरणारा माणूस हिचा नवरा. मी शेठला विचारलं, पट्टा कुठे आहे?

"है ना मॅडम! नवा कोरा आहे. आज धुवाले टाकला."

मी म्हटलं, पट्टा काय परकर आहे का धुवायला टाकायला? शेठ हसला. मुनीम हसला. ती बाई हसली नाही. मी तिथल्या तिथे लेखी हुकूम दिला की पट्टा असल्याशिवाय कोठीत कुणाला उतरवायचं नाही. निघताना तिला म्हटलं, पुढच्या वेळी मी येईन तेव्हा पट्टा मला दिसला पाहिजे. तिने मान हलवली, पण विश्वास ठेवल्यासारखी नाही.

ती पुढची वेळ या थंडीत आली.

सकाळच्या पहिल्या मिलमध्ये शिरले तर डोळे दिपले. झाडून सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं. चहा आणणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट. खाली बसून तांदळातले खडे वेचणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या डोक्यावर हेल्मेट. एका आजीच्या अंगात तर उंचावर चढायचा तो पट्टा, दोरासकट. आजी जमिनीवर मांडी घालून बसलेली आणि दोर मागे खिडकीच्या गजाला बांधलेला.

"आजी, कुठे पडणार होता तुम्ही?"

"मले काय मालूम बाप्पा. बांधलं, त बसून राहिली."

तिच्या हेल्मेटवर समोर, कपाळाच्या जागी, एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. घाम आला की बाया टिकली काढून जवळच्या कशालाही लावतात, आरशाला, दाराला. मला हसू आलं, मी पुढे गेले.

दुसऱ्या मिलमध्ये पोचले. तिथेही सगळी पिवळी डोकी. एक मिशीवाला हमाल छाती काढून उभा, आणि त्याच्या हेल्मेटवर समोर तीच मरून टिकली.

मी त्याच्यापुढे जाऊन थांबले. "हे काय?"

त्याने डोळे वर करून हेल्मेटच्या कडेकडे बघायचा प्रयत्न केला. ते काही दिसेना. मग म्हणाला, "आज मंगरवार हाय जी."

आता मंगळवाराचा आणि मिशीवाल्याच्या टिकलीचा संबंध काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या गावात विहारामागच्या खोलीत समाजाची भांडी असायची. मोठाली गंजं, पराती, वरण ढवळायचे डाव. ज्याच्या घरी लग्न, त्याने न्यायची, घासून परत आणायची. एका मांडवातून निघाली की दुसऱ्या मांडवात. तसंच या लोकांनी केलेलं. सगळ्या मिलवाल्यांत मिळून एकच संच, आणि तो माझ्यापुढे पुढे पळतोय! पहिल्या मिलमध्ये शेठ मला चहाचा आग्रह करत होता तो प्रेमाने नव्हता, हेल्मेटं गाडीत चढेपर्यंत मला बसवून ठेवायला होता. आणि तो नारळ? तोही एकच असणार मेला. मी कुठेच घेत नाही हे त्यांनी गृहीतच धरलेलं.

मला असा संताप आला म्हणता! यादीत पुढे तिसरीच मिल होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, यादी गेली चुलीत, त्या पट्टा धुणाऱ्या शेठकडे घे. बघते आता कोण कोणाच्या पुढे पोचतं.

पोचतंय कोण? वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं. ड्रायव्हरने जीप बंद केली. समोर मालगाडी येऊन थांबली ती थांबलीच. डोक्यावर बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घूं घूं करत चकरा मारत होती, आणि खाली आम्ही सगळे जागच्या जागी. धुळीसाठी मी तोंडाला ओढणी गुंडाळली, नुसते डोळे उघडे ठेवले आणि खाली उतरले.

आमच्यानंतर येऊन शेजारी घुसलेला तीनचाकी टेम्पो उभा होता. मागे ताडपत्री अर्धवट टाकलेली. ताडपत्रीखाली पिवळी हेल्मेटं एकात एक घालून रचलेली, पट्टे गुंतवळासारखे एकमेकांत अडकलेले, आणि सगळ्यात वरच्या हेल्मेटवर टिकली. बाजूला शाल. शालीवर नारळ.

टेम्पोवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. मी विचारलं, "काय माल आहे भाऊ?"

"माल कायचा जी, सेफ्टी हाय." त्याने इकडेतिकडे बघितलं. मग माणूस बोलायला मिळाल्याच्या आनंदात सुरूच झाला. "साहेब निघाला का आपली डुटी लागली. हर मिलमंदी पोचवाचं, सगळ्यायले घालून द्याचं, साहेब गेला का उतरवाचं, पुढं पळाचं. आज त ते मॅडम हाय. लई खडूस हाय म्हन्ते."

"असं का?"

"हो ना. चायपानी घेत नाई, नारळ घेत नाई. अशा बाईचं कराचं काय, सांगा? घरी नवऱ्याचे का हाल असतीन!"

नवऱ्याचे हाल मी त्याला सविस्तर सांगणार होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ऐकत गेला आणि त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. "हाव... हाव... फाटकावर हाय ना जी... गाडी हाटत नाई त का उडून येऊ?"

फोन ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "काय झालं?"

"ज्या मिलमंदी जाऊन राहिलो, तेथं मानूस फसला कोठीत. मॅडमने रस्ता बदलला म्हनून खबर आली. मॅडमले मिल चालू दिसली पाह्यजे, अन धान त जाम होता. म्हनून उतरवला त्याले घाईघाईत. कमरेपरेंत गेला आत." त्याने मागे बोट दाखवलं. "पट्टे त माह्यापाशी."

म्हणजे त्या रेजाचाच नवरा. त्याला उतरवला कशासाठी, तर मी येतेय म्हणून. मी आले नसते तर धान जाम पडून राहिलं असतं आणि तो विडी ओढत बसला असता. मी त्याला वाचवायला निघाले होते आणि माझ्याच बातमीने त्याला आत ढकललं होतं. त्याचा पट्टा माझ्यापासून हातभर अंतरावर, टिकलीच्या हेल्मेटाशेजारी पडलेला. मधे मालगाडी.

मी फाटकवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "बाई, गाडी माझ्या बापाची आहे का?" बरोबरच बोलला. मी परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. डबे मोजायला लागले आणि दर वेळी चुकले. अखेर गाडीला एक झटका बसला आणि ती सरकायला लागली. तिला कसली घाई नव्हती. जा ना गं बाई, जा ना, असं मी मोठ्याने म्हणत होते, आणि टेम्पोवाला मान डोलावत होता.

फाटक उघडलं. ड्रायव्हरने जीपला चावी मारली. जीपने नेहमीप्रमाणे धक्का मागितला. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, सरळ टेम्पोत जाऊन बसले.

"अवो, तुमी कोठं?"

"मीच ती खडूस. पळव."

त्याने खर्रा गिळला. खरंच गिळला, थुंकायचं सुचलंच नाही त्याला. पण टेम्पो असा पळवला की मागे हेल्मेटं ताशासारखी वाजायला लागली.

मिलच्या अलीकडे रस्त्यावर शेठ स्वतः हार घेऊन उभा होता, टाचा उंचावून लांब बघत, जीप कुठे दिसते का म्हणून. आम्ही त्याच्या नाकासमोरून गेलो. त्याने हाताने टेम्पोलाच घाई केली, चल चल चल.

आवारात मुनीम धावत आला. "किती उशीर बे! उतरव, उतरव! मॅडम पोहोचतच असन!" लोकांनी टेम्पोला गराडा घातला, जो तो हेल्मेट ओढतोय. मी खाली उतरले तर मुनीमाने माझ्याच डोक्यावर एक हेल्मेट आदळलं आणि खांद्याला धरून मला भिंतीकडे सरकवलं. "ए बाई, तू तिकडे लायनीत उभी राह्य. मॅडमने काही विचारलं त हाव म्हन."

"कोठीतला माणूस कुठे आहे?"

"निघते तो, कोठं जाते! पह्यले मॅडमचं होऊ दे."

मी तोंडावरची ओढणी सोडली. मुनीमाने माझ्याकडे पाहिलं. मग टेम्पोकडे, मग रस्त्याकडे, जीप येईल या आशेने. मग तो माणूस, मी शपथेवर सांगते, टेम्पोकडे धावला आणि शाल-नारळ घेऊन आला. "मॅडम, स्वागत..."

मी आयुष्यात इतकी कधी ओरडले नसेन. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या आईची ठेवणीतली भाषा होती ती. तेवढ्यात मिलच्या आतून माझ्याहून मोठा आवाज आला. "चालू केली त हात तोडून टाकीन!"

ती होती. मोटरच्या मेन स्विचसमोर, पाठ भिंतीला टेकवून, खराटा उलटा धरून उभी. कोठीखालची मोटर तिने बंद केलेली. चालू झाली असती तर खालचं तोंड धान ओढायला लागलं असतं, आणि धानाबरोबर त्याला. मुनीमाने दोनदा माणूस पाठवला होता, मॅडम यायच्या आत मिल चालू दिसायला पाहिजे म्हणून. त्यातल्या एकाच्या पाठीवर खराट्याचे वळ होते. तिला वर जाऊन नवऱ्याला बघता येत नव्हतं. बघायला गेली असती तर कुणीतरी बटण दाबलं असतं.

तिने मला ओळखलं. "मॅडमबाई, तो बोलून राहिला का थे पाहा. वरतून मले आवाज येत नाई."

मी शिडीवरून वर गेले. आत तो छातीशी हात घेऊन उभा, धान बरगड्यांना टेकलेलं. हलला की अजून बोटभर खाली. माझ्या डोक्यावर हेल्मेट बघून तो म्हणाला, "मॅडम आली का?"

"आली."

"मंग मी दिसाले नाई पाह्यजे. मुनीमजी रागावतीन."

मी खाली ओरडले, "बोलतोय गं, बोलतोय! अक्कल नाही त्याला, पण बोलतोय!" खालून नुसता हुंदका आला.

आता पट्टा. वर आणला, तर तो कसा घालतात ते कुणाला येईना. कुठला पट्टा खांद्यावरून, कुठला मांडीतून? हमालाने तो गळ्यात अडकवला. मुनीमाने, "मॅडम, तुम्हाला माहीत असन," असं म्हटलं. मला कागदावर माहीत होता. कोठीत वाकून, दुसऱ्याच्या अंगात घालायचा माहीत नव्हता. मग मागून आवाज आला, "हटा जी." टेम्पोवाला. या मिलमधून त्या मिलमध्ये नेऊन आजींपासून हमालांपर्यंत सगळ्यांना पट्टे घालत फिरलेला दुसरा माणूस तिथे होता कोण? दोन फळ्या धानावर आडव्या टाकून, स्वतःच्या अंगात एक पट्टा चढवून तो पोटावर सरपटत गेला. गप्पा मारत मारत त्याने त्या माणसाला पट्टा घातला, जशी न्हाव्याने दाढी करावी. दोर वर बांधला. माझ्या जिवात जीव आला.

पण धानात रुतलेला माणूस नुसता ओढून निघत नाही. ओढाल तर कंबर मोडेल. त्याच्याभोवती आडोसा करून आतलं धान उपसायला लागतं. आडोसा कशाचा? मी म्हटलं, तो बोर्ड आणा. स्वागताचा पत्र्याचा बोर्ड आला, सुरक्षेवरच्या घोषणांचे तीन बोर्ड आले, ते त्याच्या चारी अंगांनी धानात खोचले. आणि उपसायला? घमेली खाली पोत्यांमागे कुठेतरी. मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, उलटं केलं आणि दिलं.

मग काय! पिवळी हेल्मेटं हातोहात चढायला लागली. भरून बाहेर, रिकामं आत. टिकलीचं हेल्मेट माझ्या हातातून कितीतरी वेळा गेलं. शेठ हार गळ्यात अडकवूनच शिडीवर उभा, तोही हेल्मेटं पुढे देतोय आणि हिंदीत देवाला हाका मारतोय. इतक्या मिलमध्ये इतकी वर्षं मी हेल्मेटं बघितली, ती कामाला आलेली त्याच दिवशी बघितली.

गुडघे मोकळे झाले तेव्हा त्याला वर ओढला. शिडीवरून खाली उतरवला. तो चालत तिच्यासमोर गेला तेव्हाच तिने स्विचची जागा सोडली. आधी तिने त्याला खराट्याने मारलं. मग त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि अशी रडली की मशीनच्या त्या घरात सगळे हमाल खाली बघायला लागले. मी पण रडले, लपवायचं काय त्यात. कुणीतरी मुनीमाच्या हातातली शाल घेऊन त्याच्या अंगावर टाकली. नारळ फोडून त्याला पाणी दिलं. शेठच्या गळ्यातला हार शेवटी कुणाला घालायचा ते कुणाला सुचलं नाही, तो गळ्यातच राहिला.

कोठी मी तिथेच सील केली. काय काय लिहायचं ते लिहिलं. शेठ मान खाली घालून सही करत होता आणि बाहेर टेम्पोवाला सामान गोळा करत होता, कारण तिसऱ्या मिलवाल्याचा फोनवर फोन, मॅडम निघाली का, निघाली का. हेल्मेटं मोजून झाली. पट्टा राहिला, तो त्या माणसाच्या अंगात होता.

टेम्पोवाला काढायला गेला तर ती मधे आली. "हा नाई भेटत."

मुनीम म्हणाला, "अवो, तो आपला नाई, सगळ्यायचा हाय."

"मंग सगळे उतरा कोठीत."

मुनीमाने माझ्याकडे बघितलं, जशी काही मी चोरी थांबवणार. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, तिला घालायला शिकव. त्याने शिकवलं. तिने स्वतःच्या अंगात घालून बघितला, काढला, पुन्हा नवऱ्याला घातला. मग पट्ट्याची घडी करून पिशवीत जेवणाच्या डब्याखाली ठेवली.

सील निघालं, मिल पुन्हा सुरू झाली. बाहेरूनच धान मोकळं करायला कोठीला दार केलं आणि वर कठडा आला, तरी ओल्या दिवसांत कधीमधी माणूस आत जातोच. माझ्या तपासण्या चालूच आहेत, बातमीही माझ्यापुढे पळतेच आहे. परवा भलत्याच एका मिलच्या मालकाचा मला सकाळी सकाळी फोन आला. कुठेही न लाजता, तक्रार केल्यासारखा बोलत होता.

"मॅडम, आज नका येऊ, उद्या या ना. बाकी सब है, वो एक पट्टा कम पडून राहिला. टेम्पो पाठवला होता त्या बाईच्या घरी. देतच नाही हो."

मी विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, आज माहा मानूस घालून हाय."